द्राक्षांतील औषधांच्या अंशांची तपासणी व तीत संगणकाची मदत

निर्यातीसाठी द्राक्षबाग राखणाऱ्या बागायतदारास माल परदेशी रवाना होण्यापूर्वी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागते. एखाद्या औषधाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यास त्या बागेचा माल निर्यातीस पात्र ठरत नाही. छाटणीपासून विरळणीपर्यंतचा खर्च, मजुरी, सोसायटीचे कर्ज हे सारे त्या एका कागदावर अवलंबून असते. असे असूनही तो कागद कसा तयार होतो याची माहिती गावात फारशी कोणास नसते. त्यामुळे अहवाल अनुकूल आला की प्रयोगशाळा चांगली व प्रतिकूल आला की यंत्र बिघडलेले, असा समज सहज पसरतो. हा समज दूर करावयाचा तर तपासणीचे मूळ तत्त्व कार्यकर्त्यांनी स्वतः समजून घेतले पाहिजे. ते वाटते तितके कठीण नाही. या लेखात तपासणीच्या एकाच टप्प्याचा विचार केला आहे: अनेक रसायने एकमेकांपासून वेगळी कशी करतात, आणि ती नीट वेगळी होतील अशी पद्धत बसविण्यासाठी संगणकाचा उपयोग कसा होतो.

प्रथम मोजावयाच्या प्रमाणाची कल्पना घेऊ. युरोपीय संघात ज्या औषधास त्या पिकावर स्वतंत्र मर्यादा ठरविलेली नाही त्यास सामान्यतः किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. हिशेब केल्यास शंभर टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम औषध, एवढे हे प्रमाण झाले. शंभर टनांत चिमूटभर औषध शोधावयाचे, आणि तेही साखर, आम्ले, सालीचा रंग व मेण यांच्या गर्दीतून. शिवाय बागेत एकाच हंगामात अनेक औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. तेव्हा आधी प्रत्येक पदार्थ बाजूस काढल्याशिवाय मोजणी करता येणार नाही, हे उघड आहे.

वेगळे करण्याचे तत्त्व

आठवडी बाजाराचा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. वेशीतून दहा माणसे एकाच वेळी आत शिरली. एकास काही घ्यावयाचे नाही. तो सरळ चालत दुसऱ्या टोकास पोहोचतो. दुसरा भांड्यांच्या दुकानापाशी थोडा थांबतो. तिसरा प्रत्येक पालापाशी रेंगाळतो व सर्वांच्या शेवटी बाहेर पडतो. आत शिरताना सर्व एकत्र होते, बाहेर पडताना मात्र ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे पुढेमागे झाले. द्रव क्रोमॅटोग्राफीत हेच घडते. बारीक कणांनी ठासून भरलेल्या पोलादी नळीतून, म्हणजे कॉलममधून, पंपाच्या दाबाने द्रव सतत वाहत असतो. द्राक्षांच्या अर्काचा थेंब त्या प्रवाहात सोडला की ज्या रसायनास कणांची ओढ अधिक ते रेंगाळते व ज्यास प्रवाहाची ओढ अधिक ते लवकर बाहेर येते. टोकाशी बसविलेले यंत्र बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदार्थाची नोंद घेऊन कागदावर टेकडीसारखा उंचवटा काढते. प्रयोगशाळेतील मंडळी त्या उंचवट्यास इंग्रजीवरून ‘पीक’ म्हणतात. शेतातील पिकाशी घोटाळा होऊ नये म्हणून आपण त्यास शिखर म्हणू.

या विद्येचा जन्मही वनस्पतींच्या अभ्यासातूनच झाला. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पोलंडमधील वॉर्सा येथे १९०३ साली पानांतील रंगद्रव्यांविषयी व्याख्यान दिले. खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा अर्क सोडला असता हिरव्या व पिवळ्या रंगांचे निरनिराळे पट्टे पडतात, असे त्याने दाखविले, व १९०६ साली या रीतीस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगांचे लेखन, हे नाव दिले. पुढे इंग्लंडमधील मार्टिन व सिंज यांनी लोकरीतील अमिनो आम्ले वेगळी करण्याच्या खटपटीतून १९४१ साली तिला नवे वळण दिले. त्याबद्दल त्यांस १९५२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या यंत्रांत रंगाचा काही संबंध उरलेला नाही. नाव मात्र तेच राहिले आहे.

हे तत्त्व शेतकरी मेळाव्यात पाच मिनिटांत दाखविता येते. टीपकागदाची किंवा गाळणकागदाची बोटभर रुंद पट्टी घ्यावी. खालच्या टोकापासून दोन बोटे वर काळ्या स्केचपेनने ठिपका द्यावा. पट्टीचे टोक पेल्यातील पाण्यात बुडेल पण ठिपका पाण्यात बुडणार नाही, अशा बेताने ती टांगावी. पाणी वर चढू लागले की काळ्या शाईतून निळा, तांबडा, पिवळा असे रंग निरनिराळ्या उंचीवर वेगळे होतात. यानंतर दुसरी पट्टी पाण्याऐवजी निम्मे पाणी व निम्मे स्पिरिट यांच्या मिश्रणात टांगावी. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने जवळ विडी, काडी नसावी. आता तेच रंग वेगळ्या अंतरावर गेलेले दिसतील. शाई तीच, कागद तोच. केवळ द्रव बदलल्याने विभागणी बदलली. पुढील सर्व विवेचन या दुसऱ्या पट्टीविषयीच आहे, म्हणून हा दुसरा प्रयोग वगळू नये.

द्रव किती तीव्र असावा?

प्रयोगशाळेत सामान्यतः पाण्यात मिथेनॉल किंवा असेटोनायट्राइल हा द्रावक मिसळतात. द्रावकाचे प्रमाण वाढविले की रसायने लवकर बाहेर पडतात व कमी केले की रेंगाळतात. यावरून कोणासही वाटेल की प्रमाण कमी ठेवून सर्वांस सावकाश येऊ द्यावे, म्हणजे ती आपोआप वेगळी होतील. तसे नेहमी होत नाही, आणि झाले तरी एकेका नमुन्यास तासन् तास लागतात. हंगामाच्या भरात द्राक्षे वेलीवर थांबत नाहीत.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, परंतु त्यांचे वागणे खऱ्या रसायनांसारखेच आहे. समजा, कॉलममध्ये मुळीच न थांबणाऱ्या पदार्थास बाहेर पडण्यास एक मिनिट लागते. अ व ब ही दोन औषधे वेगळी करावयाची आहेत. द्रावक ४० टक्के ठेवला असता अ १७ मिनिटांनी व ब २१ मिनिटांनी बाहेर आले. ६० टक्के ठेवला असता ब ४.२ मिनिटांनी व अ ५ मिनिटांनी आले. दोन्ही वेळा दोन शिखरे स्पष्ट दिसली. मात्र त्यांचा क्रम उलटला, इकडे लक्ष द्यावे.

आता ४० टक्क्यांस वेळ फार लागतो व ६० टक्क्यांस शिखरे जरा जवळ येतात, म्हणून कोणी सुज्ञ मनुष्य मधले ५० टक्के प्रमाण निवडील. सरासरी काढली तर अ ११ मिनिटांवर व ब १२.६ मिनिटांवर यावयास हवे. म्हणजे काम उत्तम झाले, असे त्यास वाटेल. प्रत्यक्षात ५० टक्क्यांस दोन्ही औषधे बरोबर नवव्या मिनिटाला एकत्र बाहेर पडतात आणि कागदावर एकच शिखर उमटते.

याचे कारण असे. बाहेर पडण्याच्या काळातून ते पहिले मिनिट वजा केले की रेंगाळण्याचा खरा काळ मिळतो. अ चा हा काळ ४० टक्क्यांस १६ व ६० टक्क्यांस ४ मिनिटे. द्रावकाचे प्रमाण सारख्या टप्प्यांनी वाढविले असता रेंगाळण्याचा काळ सारख्या मिनिटांनी घटत नाही, तर सारख्या पटीने घटतो, असा नियम आहे. अ च्या बाबतीत दर दहा टक्क्यांस तो निम्मा होतो: १६, ८, ४. ब च्या बाबतीत दर दहा टक्क्यांस तो दोन-पंचमांश होतो: २०, ८, ३.२. म्हणून ५० टक्क्यांस दोघांचा रेंगाळण्याचा काळ ८ मिनिटे व बाहेर पडण्याचा काळ ९ मिनिटे. ज्यांस लॉगरिदमचे कोष्टक ठाऊक आहे त्यांनी रेंगाळण्याच्या काळाचा लॉगरिदम द्रावकाच्या प्रमाणासमोर आलेखावर मांडावा. प्रत्येक औषधाची सरळ रेषा मिळते, आणि दोन रेषा जेथे एकमेकींस छेदतात तेथे ती दोन औषधे एकमेकांत मिसळतात.

दोन चाचण्यांत रेषा निश्चित होते, हे या नियमाचे खरे मोल होय. एकदा रेषा मिळाली की मधल्या कोणत्याही प्रमाणास काय घडेल ते प्रयोग न करता सांगता येते.

आता तिसरे औषध क आणू. ते ४० टक्क्यांस २६ मिनिटांनी व ६० टक्क्यांस ५ मिनिटांनी बाहेर येते. म्हणजे ६० टक्क्यांस अ व क एकमेकांत मिसळले, ५० टक्क्यांस अ व ब मिसळतात हे आपण पाहिलेच, आणि ४० टक्क्यांस तिन्ही वेगळी होतात पण सव्वीस मिनिटे खर्ची पडतात. तेव्हा मार्ग खुंटला असे वाटते. परंतु रेषांवरून हिशेब केल्यास ५५ टक्क्यांस ब ६.१ मिनिटांनी, अ ६.७ मिनिटांनी व क ७.३ मिनिटांनी बाहेर येईल, असे उत्तर मिळते. चांगल्या कॉलममध्ये या वेळेस शिखराचा पायथा पाव मिनिटाहून किंचित रुंद असतो व शिखरांतील अंतर त्याच्या दुपटीहून अधिक आहे. तिन्ही शिखरे पूर्ण सुटी, आणि काम साडेसात मिनिटांत संपले.

ही वाट किती अरुंद आहे हेही पाहावे. प्रमाण ५२ टक्क्यांवर गेले तर अ व ब यांचे पायथे एकमेकांत शिरू लागतात आणि ५८ टक्क्यांवर गेले तर अ व क यांचे. मधले चार टक्के तेवढे आपले. बांधावरून चालणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या चिखलाकडे लक्ष ठेवावे, त्याप्रमाणे पद्धत बसविणाऱ्यास सर्वांत अवघड जोडी कोणती व ती कोणत्या प्रमाणास बदलते, इकडे सतत लक्ष ठेवावे लागते.

संगणकाचे काम

तीन औषधांचा हिशेब कागदावर झाला. परंतु द्राक्षांच्या तपासणीत औषधांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. शिवाय एकच प्रमाण कायम ठेवून सर्वांचे काम भागत नाही. काही रसायने कॉलमला इतकी चिकटतात की ती बाहेरच येत नाहीत. म्हणून सुरुवातीस द्रावक थोडा ठेवून तो हळूहळू वाढवीत नेतात. त्यात भर म्हणून कॉलमचे तापमान व द्रवाची आम्लता यांनीही शिखरे पुढेमागे सरकतात. एवढा हिशेब हाताने करणे शक्य असले तरी व्यवहार्य नाही. येथे संगणक कामी येतो.

अमेरिकेतील लॉइड स्नायडर, जॉन डोलन व त्यांचे सहकारी यांनी वाढत्या द्रावकाचे गणित बसविले आणि १९८० नंतरच्या दशकात त्याआधारे ‘ड्रायलॅब’ नावाचा संगणकीय कार्यक्रम तयार झाला. द्रव न सांडता, कोरड्या हाताने करावयाची प्रयोगशाळा, असा त्या नावाचा भावार्थ आहे. यात प्रत्यक्ष चाचण्या मोजक्याच करतात. द्रावक एकदा झपाट्याने, उदाहरणार्थ २० मिनिटांत, व एकदा संथपणे ६० मिनिटांत वाढवून दोन चाचण्या घ्याव्या. त्याच दोन चाचण्या दुसऱ्या तापमानास घ्याव्या. या चार चाचण्यांतील प्रत्येक शिखराचा काळ संगणकास दिला म्हणजे तो प्रत्येक रसायनाची रेषा काढतो, मधल्या हजारो शक्यता तपासतो आणि एक नकाशा रंगवून देतो. ज्या परिस्थितीत सर्वांत अवघड जोडीसुद्धा नीट सुटते तो भाग एका रंगात व जेथे शिखरे मिसळतात तो दुसऱ्या रंगात. आम्लतेचाही विचार करावयाचा असल्यास ती तीन निरनिराळ्या पातळ्यांवर ठेवून चाचण्या बारा होतात. हीच भूमी एकेक पाऊल चाचपीत पालथी घालावयाची म्हटली तर द्रावकाच्या अकरा पायऱ्या, तापमानाच्या तीन व आम्लतेच्या तीन मिळून नव्याण्णव चाचण्या होतील, आणि त्या होईपर्यंत हंगाम संपेल.

एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची रीत का फसते, हे शेतकी खात्याच्या कार्यकर्त्यांस वेगळे सांगावयास नको. नत्र कायम ठेवून स्फुरद बदलला आणि स्फुरद कायम ठेवून नत्र बदलला, तरी दोन्ही एकत्र वाढविल्यास काय होईल ते कळत नाही. त्यासाठी दोन्हींच्या निरनिराळ्या जोड्यांचे वाफे टाकावे लागतात. प्रयोगांच्या मांडणीचे हे शास्त्र मुळात शेतातूनच आले. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड प्रक्षेत्रावर १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी ते उभारले, व त्यांचा प्रयोगांच्या आखणीवरील ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पानसे व सुखात्मे यांनी कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली काढले, ते पुष्कळांनी अभ्यासले असेल. दोन वेग व दोन तापमाने यांच्या चार चाचण्या म्हणजे नत्र-स्फुरदाचे चार वाफेच होत. फिशर यांचे वाफे यंत्रशाळेत गेले, एवढाच फरक.

तथापि संगणकाविषयी भाबडी श्रद्धा बाळगू नये. तो दिलेल्या आकड्यांवरून अनुमान काढतो. आकडे चुकले की अनुमान चुकते, नकाशा मात्र तितकाच सुबक दिसतो. वरील उदाहरणात अ व ब यांचा क्रम उलटला होता. पहिल्या चाचणीतील पहिले शिखर तेच दुसऱ्या चाचणीतील पहिले शिखर, असे गृहीत धरून माहिती भरली तर सारे गणित खोटे ठरेल. म्हणून प्रत्येक शुद्ध रसायन स्वतंत्रपणे सोडून, किंवा त्याच्या कणांच्या वजनावरून, शिखरांची ओळख पटवावी लागते. ओळख पटविण्याचे हे काम कंटाळवाणे असते व पद्धतीचा भरवसा त्यावरच अवलंबून असतो. तसेच दोन यंत्रांत द्रव मिसळण्याच्या जागेपासून कॉलमपर्यंतची पोकळी सारखी नसते; त्यामुळे एका प्रयोगशाळेत उत्तम चाललेली पद्धत दुसरीत तशीच उतरेल असे नाही. संगणकाने सुचविलेली परिस्थिती अखेर प्रत्यक्ष चाचणी घेऊन, आणि तीही औषध न फवारलेल्या द्राक्षांच्या अर्कात ज्ञात प्रमाणात औषध मिसळून, पडताळून पाहावी लागते. ही पडताळणी झाली नसेल तर केवळ नकाशाच्या आधारे पद्धत वापरात आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अलीकडे कॉलमच्या टोकाशी कणांचे वजन ओळखणारे यंत्र जोडलेले असते. दोन औषधे एकत्र बाहेर पडली तरी वजने निराळी असल्यास ते त्यांना वेगळी ओळखते. मग शिखरे सुटी करण्याची एवढी खटपट कशासाठी, असा प्रश्न येईल. त्यास दोन उत्तरे आहेत. द्राक्षातील साखर व रंगद्रव्ये औषधाबरोबरच बाहेर पडली तर ती यंत्राची जाणीव मंद करतात व औषध आहे त्यापेक्षा कमी दिसते. दुसरे असे की काही औषधे एकाच वजनाच्या दोन रूपांत असतात. डाउनी म्हणजे केवडा रोगावर वापरले जाणारे डायमेथोमॉर्फ हे त्यांपैकीच. त्याच्या दोन रूपांची दोन शिखरे उमटतात आणि मर्यादा दोन्हींच्या बेरजेस लागू आहे. एकच शिखर मोजले तर बेरीज चुकेल. याउलट मेटॅलॅक्झिलची दोन रूपे ही आरशातील प्रतिबिंबासारखी असल्याने साध्या कॉलममध्ये ती मुळीच वेगळी होत नाहीत. तेथे संगणकाने कितीही नकाशे काढले तरी उपयोग नाही. मर्यादा दोन्ही रूपांस मिळून असल्याने सुदैवाने तेथे अडचण येत नाही.

सीसीसीचा धडा

संगणक आपल्याला दिलेल्या क्षेत्रातच शोध घेतो. क्षेत्रच चुकीचे असेल तर काय होते, याचे उदाहरण द्राक्ष बागायतदारांच्या परिचयाचे आहे. खरड छाटणीनंतर वेलीची अवास्तव वाढ रोखून घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे सीसीसी, हे संजीवक वापरले जात असे. २०१० च्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचा अंश सापडला. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टनांत एक ग्रॅम, एवढी होती. पुष्कळ माल अडकला, भाव कोसळले आणि बागायतदार व निर्यातदार या दोघांसही फार मोठा फटका बसला. येथून निघताना ज्या रसायनांची तपासणी होत असे त्यांच्या यादीत सीसीसी नव्हते. अहवाल निर्दोष होते. पण ज्याविषयी कोणी विचारलेच नव्हते त्याविषयी ते मौन होते.

यात रसायनशास्त्राचाही भाग आहे. सीसीसी हे विद्युत्भारित, पाण्यात अत्यंत विरघळणारे रसायन आहे. औषधांच्या तपासणीत नेहमी वापरला जाणारा कॉलम तेलकट गुणाच्या कणांचा असतो. बाजाराच्या दृष्टान्तात सांगावयाचे तर ज्याला काहीच घ्यावयाचे नाही असा तो पहिला मनुष्य; साखर व आम्ले यांच्या लोंढ्याबरोबर तो पहिल्याच मिनिटात बाहेर पडतो. द्रावक ४० टक्के ठेवा, २० ठेवा, तापमान बदला, त्यात फरक पडत नाही. त्यासाठी पालेच बदलावी लागतात, म्हणजे पाण्याची आवड असणाऱ्या कणांचा वेगळा कॉलम घेऊन वेगळी पद्धत बसवावी लागते. कोणता कॉलम घ्यावयाचा व कशाचा शोध करावयाचा, हे माणसाने ठरवावे लागते, आणि ते ठरविण्यासाठी बागेत प्रत्यक्ष काय वापरले गेले याची खरी माहिती प्रयोगशाळेपर्यंत पोहोचावी लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम येथेच सुरू होते.

फवारणीची नोंदवही ही केवळ तपासनिसास दाखविण्याची वही नव्हे. तीत रोगकिडींच्या औषधांबरोबर संजीवके, वाढरोधके, पानांवरून दिलेली खते व ‘टॉनिक’ या नावाने दुकानदाराने दिलेल्या बाटल्या या सर्वांची नोंद असावी. बाटलीवर घटकांची नावे नसतील तर तेवढेच लिहून ठेवावे आणि अशी बाटली निर्यातीच्या बागेत वापरू नये. नोंद खरड छाटणीपासून करावी. फळछाटणीपासून सुरू केलेली वही सीसीसीसारख्या प्रकरणात निरुपयोगी ठरते. शेजारच्या बागेतून किंवा भाजीपाल्याच्या फवाऱ्यातून तुषार उडून येण्याचा संभव असल्यास त्याचीही टीप ठेवावी, आणि फवारणी यंत्राची टाकी एका पिकावरून दुसऱ्या पिकावर नेताना धुतली की नाही याचीही.

नमुन्याविषयी एवढेच सांगावयाचे की प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तपासला जाणारा लगदा फार थोडा असतो. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने विकसित केलेल्या पद्धतीत १० ग्रॅम लगद्यातून १० मिलिलिटर इथिल असिटेटने औषध काढून घेतात. साऱ्या बागेचा न्याय या दहा ग्रॅमांवर होतो. म्हणून घड बागेच्या सर्व भागांतून, कडेच्या व मधल्या ओळींतून, उन्हाच्या व सावलीच्या बाजूंनी घेतले जात आहेत की नाही इकडे बागायतदाराने स्वतः उभे राहून लक्ष द्यावे. फाटकाजवळील चार वेलींवरून भरलेल्या पिशवीची तपासणी कितीही अचूक झाली तरी ती चार वेलींचीच तपासणी होय. नमुना घेतल्यानंतर बागेत कोणतीही फवारणी करू नये, हे ओघानेच आले.

अहवाल हाती आल्यावर आकड्याआधी यादी वाचावी. तपासलेल्या रसायनांची नावे त्यात दिलेली असतात. आपल्या वहीतील प्रत्येक नाव त्या यादीत आहे काय हे एकेक करून ताडून पाहावे, व जे नसेल त्याविषयी प्रयोगशाळेस लेखी विचारावे. काही नावांपुढे आकडा नसून मोजणीच्या किमान पातळीखाली, अशा अर्थाचा शेरा असतो. याचा अर्थ औषध मुळीच नाही असा नव्हे. ती किमान पातळी किती आहे हे पाहून ती देशाच्या मर्यादेइतकी किंवा तिच्याहून खाली आहे याची खात्री करून घ्यावी. मर्यादा देशादेशांत वेगळ्या असतात व वेळोवेळी बदलतात, त्यामुळे गतवर्षीच्या कागदावर विसंबू नये.

एखादा आकडा अनपेक्षित वाटला, म्हणजे जे औषध बागेत कधी आणलेच नाही ते अहवालात दिसले, तर तक्रार करण्यापूर्वी नोंदवही घेऊन बसावे. तुषार, धुतलेली नसलेली टाकी किंवा निनावी बाटली ही कारणे आधी तपासावी. त्यांपैकी कोणतेही लागू नसेल तर राखून ठेवलेल्या नमुन्याच्या भागाची फेरतपासणी मागण्याचा विचार करावा. नव्याने तोडलेले घड पाठवून पहिल्या अहवालाशी तुलना करणे व्यर्थ आहे, कारण तो दुसरा नमुना होय. फेरतपासणी मागताना हे शिखर दुसऱ्या कॉलमवर किंवा दुसऱ्या परिस्थितीत पडताळले आहे काय, असा प्रश्न अर्जात अवश्य लिहावा. शाई पसरलेल्या दोन पट्ट्या ज्याने पाहिल्या आहेत त्यास हा प्रश्न का विचारावयाचा ते समजेल, व चांगल्या प्रयोगशाळेस त्याचे उत्तर देण्यास अडचण पडणार नाही.